मोडायला सांगितलेला पूल

केशवमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत सहामाहीचे पेपर तपासत होते. मामेभाऊ एसटीडी बूथवरून बोलत होता. "सकाळी कॉफी प्याले, पातळ झाली म्हणून सांगितले... आणि गेले." रडता रडता मला हसूच आलं. जातानाही खोट काढूनच गेले! मामा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते आणि घरीदारी काहीही त्यांच्या तपासणीतून सुटत नसे. आम्ही भाचरं त्यांना टरकून असायचो.

त्यांना स्वतःची मात्र एकच गोष्ट डाचत होती. तमिळनाडूत पापनाशमजवळच्या एका खेड्यात कालव्यावर जुना लाकडी पूल आहे. वर कौलांचं छप्पर, दोन्ही बाजूंना बसायला फळ्या. देवाची पालखी उन्हात थांबू नये म्हणून तो असा बांधला, असं गावकरी सांगतात. तरुणपणी मामांनी 'धोकादायक, मोडून टाकावा' असा त्याचा अहवाल दिला होता. शेजारी सिमेंटचा पूल झाला, जुना मोडायचा राहून गेला. मामा निवृत्त झाल्यावर कळलं, गावाने तो दुरुस्त केलाय. पाठोपाठ मामांना बोलावणंही आलं.

"चारचौघांत नाक कापतील गे," मामा आमच्या तंजावरी मराठीत म्हणाले. "मोडा म्हणून मीच लिहिलों की." तरी गेले. मी सोबत होते. बसमध्ये मामांनी ड्रायव्हरच्या ब्रेकलासुद्धा नावं ठेवली नाहीत.

पुलाच्या तोंडाशी वेलू आसारी, गावचे म्हातारे सुतार, उभे होते. हातात मामांच्या अहवालाची मळकी प्रत. तिसरा खांब बुडाशी कुजलेला, पाचव्या तुळईला वाळवी... मामांच्या प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण होती. गावाने तीच कामाची यादी धरली होती! आखाती देशांतून आलेल्या पैशावर घरांना गच्च्या आल्या, तेव्हा उतरवलेली कौलं पुलावर चढली होती. "मोडा म्हणायला कोणीही म्हणेल, अय्या," आसारी तमिळमध्ये म्हणाले, "कुठे काय बिघडलंय ते तुम्हीच लिहून ठेवलंत."

मामा फळीवर बसले आणि डोळे पुसू लागले. मग उठून, खांब बोटाने ठोकत, त्यांनी चार ठिकाणी नवी खोट काढली. गाव खूश, मामा त्याहून खूश. पुढे दर उन्हाळ्यात ते पुलाच्या तपासणीला जात. इतके सुखी मामा मी एरवी कधी पाहिले नाहीत.

गेल्या रविवारी मी बातमी सांगायला तिथे गेले. ती ऐकून आसारींनी माझ्या हाती कागद-पेन्सिल दिली. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, खांब पाहिले, वर कौलं पाहिली. सावलीत दोन बायका शेंगा सोलत गप्पा मारत होत्या. मला काय कळणार? म्हटलं, "सगळं छान आहे."

आसारींनी कागद परत घेतला.

"छान म्हणायला अख्खं गाव आहे, अम्मा," ते म्हणाले. "आता आमचं काय चुकतंय ते कोण सांगणार?"