लाल वायर बॉडीला

दुपारचं जेवण झालं की पद्मजाबाई गाडीत जाऊन पडतात. घरात चांगला पलंग आहे, पण पलंगावर झोप येत नाही आणि गाडीत येते, एवढं साधं कारण. गाडी म्हणजे दोन दारांची, बसकी, लाल रंगाची विलायती स्पोर्ट्स कार. मिरजेतल्या त्यांच्या घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे ती वीसेक वर्षं ताडपत्रीखाली पडून आहे. ही नवऱ्याची हौस. विद्याधरपंत दर रविवारी सकाळी ताडपत्री अर्धी वर करायचे, बॉनेटवर थाप मारायचे, "पुढच्या रविवारी हिला चालू करतो," म्हणायचे आणि चहाला आत यायचे. गेल्या महिन्यात ते गेले. रविवार तेवढे उरले.

पद्मजाबाई अजून रडलेल्या नाहीत. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. नणंदेने समोर बसून मोठ्याने रडून दाखवलं, तरी नाही. आत सगळं बधिर आहे, दात काढल्यावर गाल असतो तसं. बायका आपापसात काय बोलतात ते त्यांना कळतं आणि त्याचंही काही वाटत नाही. मग त्यांनीच मनाशी ठरवून टाकलं की गाडी चालू झाली, तिचा आवाज ऐकला, की रडू येईल.

त्यासाठी आजचाच दिवस आहे. उद्या कोल्हापूरचे एक गृहस्थ गाडी न्यायला येणार. चालू असली तर ते हौसेने सांभाळणार. नसली तर इंजिन काढून घेणार आणि बाकीची भंगारात घालणार. हे पुतण्या केदारने ठरवलं. पद्मजाबाईंनी हो म्हटलं, कारण त्या दिवसांत त्या कशालाही हो म्हणत होत्या.

जन्मभर शाळेत शिवण शिकवलेली ही बाई. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून तिने प्लग घासले, एअर फिल्टरमधलं उंदराचं घर मोडलं, कार्बोरेटर उघडला, त्याचे भाग श्रीखंडाच्या डब्यांत मांडून ठेवले आणि परत जोडला. एक स्प्रिंग उरली. ती कुठली, हे विचारायलाही कोणी नाही. जुन्या बॅटरीच्या वायरींची टोकं गंजून गळून गेली होती. नवी बॅटरी आणून तिथे नव्या वायरी लावल्या. आज सकाळपासून चावी फिरवून बोट दुखतंय. इंजिन गरगरतं, एकदा खोकतं आणि गप्प होतं.

आता त्या डाव्या सीटवर कलंडल्या आहेत. पत्रा तापलाय. पेट्रोलचा वास नाकातून डोक्यात चढतो. डोळे मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात. उघडतात तेव्हा उजव्या सीटवर विद्याधरपंत बसलेले असतात. बनियन, चौकड्यांची लुंगी, हातात पाना.

"जेवलात का?" पद्मजाबाईंच्या तोंडून पहिलं हेच निघतं.

"झालं की मघाशीच. भातात तीळ फार होते."

"गुरुजींनी घातले. मी नाही."

"तरीच."

त्यांना नवल वाटत नाही. माणूस गेलेला आहे हे त्यांना ठाऊक आहे, आणि तो शेजारी बसलाय हेही दिसतंय. दोन्ही एकाच वेळी खरं असायला त्यांची काही हरकत नाही.

समोरच्या काचेतून शेडचं दार दिसत नाही. शाळेचा शिवणवर्ग दिसतो. मशीन ओळीने मांडलेली, एकावरही मुलगी नाही, आणि सगळ्यांची चाकं आपली आपण फिरतायत. गाडी त्या मशिनांमधून हळूच पुढे सरकते. आवाज कसलाच नाही.

"चालू झाली का हो?"

"उतार आहे," विद्याधरपंत म्हणतात.

वर्गाच्या फरशीला उतार कधीच नव्हता, पण आता आहे, आणि तो संपतो तिथे दवाखान्याचा लांब व्हरांडा लागतो. नर्स कडेला उभी राहून गाडीला वाट देते. पद्मजाबाई तिच्याकडे बघायचं टाळतात. व्हरांड्याच्या टोकाला पाणी आहे. गाडी कृष्णेच्या घाटावर येऊन थांबते, पुढची चाकं पाण्यात. दोघं उतरून पायरीवर बसतात.

खालच्या पायरीवर केदार बसलाय. उघड्या अंगाने, समोर पिंड मांडून. गुरुजी सारखे सांगतायत, "अपसव्य करा. अहो, अपसव्य." केदार जानव्याला हात घालतो, गोंधळतो, जानवं परत होतं तिथेच ठेवतो. जन्मात दोनदा घातलं असेल त्याने.

"हे माझं चाललंय होय?" विद्याधरपंत विचारतात.

"मग कोणाचं?"

"अगं, त्याचं जानवं डाव्याच खांद्यावर आहे. देवाच्या कामाला डावा, गेलेल्या माणसाच्या कामाला उजवा. एवढं सोपं आहे."

"तो पोरगा काय करणार? सगळंच उलटं करायचं म्हणजे गडबड होणारच."

"तूही तेच केलंस की."

"मी काय केलं?"

ते पान्याने गाडीकडे दाखवतात. "सगळं सव्य केलंस. काळी वायर बॉडीला, लाल वायर इंजिनाकडे. इतर गाड्यांना चालतं. ही जुनी विलायती, हिची रीत उलटी. लाल वायर बॉडीला. हिला अपसव्य लागतं."

पद्मजाबाई विचार करतात. "म्हणजे कापड उलट्या बाजूने लावायचं."

"तसंच."

"आधी सांगायचं ना मग."

"तू कधी विचारलंस?"

पाणी पायरीवर चढतंय. विद्याधरपंतांची लुंगी भिजत नाही हे त्यांच्या ध्यानात येतं, आणि आता वेळ थोडा आहे हेही.

"मला एक सांगा," त्या म्हणतात. "मला रडू का येत नाही?"

ते पाना या हातातून त्या हातात घेतात. अडचणीत सापडले की ते असंच करायचे. "मला काय विचारतेस, पद्मा? मला बॅटरीचं कळतं."

"तेवढंच?"

"तेवढंच. पण ते पक्कं कळतं."

गुरुजी पुन्हा ओरडतात, "अपसव्य!" आणि केदारचं जानवं अखेर उजव्या खांद्यावर जातं. विद्याधरपंत शहाण्यासारखे उठतात, बोलावणं आलंय अशा थाटात पायऱ्या उतरायला लागतात. पद्मजाबाईंना त्यांना हाक मारायची आहे. तोंड उघडतं, पण गालाला जीव नाही.

शेडमध्ये ऊन तसंच आहे. मानेला घाम आलाय. कुठेतरी कुकरची शिट्टी होते. पद्मजाबाई डाव्या सीटवरच आहेत. मोबाईलवरच्या मुलाने तर काळी वायर बॉडीला सांगितली होती. पण तो मुलगा असेल वीस-बावीसचा, ह्या गाडीच्या निम्म्या वयाचाही नाही.

त्या उठून सीटच्या मागची फळी काढतात, बॅटरी सोडवतात, दोन्ही हातांनी उचलून फिरवून ठेवतात. लाल वायर बॉडीला. काळी इंजिनाकडे. घट्ट करतात. वेडेपणा आहे हे त्यांना कळतंय, पण हात सवयीने काम करतायत.

मग वळसा घालून उजव्या बाजूला जातात, बसतात, पाय पुढे टाकतात. पाय पोचत नाही.

चप्पल हवेतच राहते. पेडल कुठल्या कुठे लांब. सकाळी त्यांनी ही सीट रुळावरून खेचून खेचून पुढे आणली होती, छाती स्टिअरिंगला टेकेल इतकी, कारण त्यांची उंची ही अशी. आता सीट पार मागे आहे, शेवटच्या खाचेत, उंच माणसाला पाय पसरायला लागते तिथे. शेडची कडी आतून लावलेली आहे. त्या वळून कडीकडे बघतात, पुन्हा पायांकडे बघतात.

सीटखाली हात जातो. पुढे ओढायची दांडी बोटांना लागते. हात तिथेच थांबतो आणि मोकळाच परत येतो.

त्या पुढे घसरतात, अगदी कडेला येतात. पाठ मागे टेकत नाही. अंगठ्याच्या टोकाने अ‍ॅक्सिलरेटर दाबतात आणि चावी फिरवतात.

इंजिन गरगरतं, खोकतं, पुन्हा खोकतं आणि धरतं. शेडचे पत्रे वाजायला लागतात. काळा धूर मागे भिंतीवर जातो. पद्मजाबाई वाट बघतात. रडू येत नाही. आधी राग येतो, कुठून कोण जाणे, भला मोठा, आणि त्या आवाजावर आवाज चढवून बोलतात.

"अहो, जाताना सीट तरी पुढे करून जायचं. मी कशी चालवायची ही? माझा पाय पुरतो का इथून? कशी चालवायची मी आता?"

शेवटच्या शब्दाला आवाज फाटतो आणि मग आवरत नाही. नाक, डोळे, सगळं एकदम वाहायला लागतं, पदराला पेट्रोलचा वास, त्यानेच पुसतात. पण अंगठा अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलत नाहीत. उचलला तर गाडी बंद पडेल.