जिवंत बाईच्या फोटोला हार

ती घटना आठवली की आजही कपाळाला हात जातो. निवृत्तीपूर्वीच्या वर्षातली गोष्ट.

पोलीस ठाण्यात सकाळची हजेरी चालू होती. नरपडकडच्या एका पाड्यावरून पोलीस पाटलांचा फोन आला. "साहेब, लवकर या. एका बाईवर करणीचा आळ घेतलाय. तिला घरात कोंडून माणसं बाहेर बसलीत. भगताला आणायला गेलेत."

बीट अंमलदार आणि महिला शिपाई घेऊन निघालो. वाटेत पाटलांकडून हकीकत कळली. कोंडलेली बाई थोरली जाऊ. धाकटी मासे विकणारी. तिच्या मेंदूतली गाठ मुंबईत काढली होती. गाठीचा तुकडा तपासून कोणती गोळी लागू पडेल हे डॉक्टरांनी ठरवले आणि बाई पुन्हा टोपली घेऊन बाजारात बसू लागली. अशा संशोधनाला निधी मिळावा म्हणून डहाणू रोडच्या एका मंडळाने किनाऱ्यावर फेरी ठरवली. बाईच्या परवानगीने तिचा फोटो फ्लेक्सवर छापला. फोटोला हार आणि बाजूला समई!

धाकटीच्या मुलीचे लग्न तलासरीत ठरले होते. व्याही तो फ्लेक्स पाहून पांढरे कपडे घालून सांत्वनाला आले. दार उघडले ते 'मयत' बाईनेच. जित्या माणसाला हार म्हणजे घरातल्याच कोणाची तरी करणी, असे कोणी बोलले. मासे सुकवायच्या जागेवरून जावांचे भांडण ताजे होते. एवढे पुरले.

जमावाला जादूटोणाविरोधी कायदा ऐकवला आणि थोरलीला ठाण्यात आणले. धाकटीही मागोमाग आली.

"साहेब, तिच्याशी मी रोज भांडते. पण माझ्या डोक्याचे टाके तिनंच पुसले. ती करणी करील?"

"हे तिथं का नाही सांगितलं?"

"माझं कोण ऐकतंय? मी तर मेलेय ना!"

मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना बोलावले. सगळे शिकलेले, सगळे नोकरदार. अध्यक्षांनी चिटणिसांकडे बोट दाखवले, चिटणिसांनी छपाईवाल्याकडे. छापण्याआधी नमुना मात्र प्रत्येकाने मोबाइलवर पाहिला होता.

"हार दिसला नाही?"

"दिसला."

"मग?"

अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "आम्हाला वाटलं, बाई मधल्या काळात गेल्या असतील. विचारणं बरं दिसलं नसतं."

फोन केला असता तर बाईनेच उचलला असता. मी पाणी प्यायलो आणि छपाईवाल्याला आत घेतले. तो पिढ्यान्‌पिढ्या डहाणूतच राहिलेला गुजराती माणूस.

"हार कोणी टाकायला सांगितला?"

"कोणी नाय. वर ब्रेन ट्यूमर लिहिलेला, खाली बाईचा फोटो. पछी शुं समजवानुं, साहेब? बाई गेली असंच ना! हाराचे पैसे पण नाय लावले."

पंचांसमोर त्याचा जबाब घेतला आणि त्याला पाड्यावर उभे करून हेच सर्वांपुढे बोलायला लावले. तोवर येऊन बसलेला भगत म्हणाला, "मला पहिल्यापासून तेच वाटत होतं." त्याच्याशी वाद घालण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती.

माझी पत्नी याच आजाराने गेली. तेव्हा ही गोळी नव्हती. आजाराचे नाव निघताच माणसे आवाज कसा उतरवतात, हे मी घरातच पाहिले आहे. तरीही, माणसे जगावीत म्हणून पैसे जमवणाऱ्यांनीच जगलेल्या बाईला मेलेली धरावे? या तपासाने एक धडा दिला. जे विचारणे कोणालाच बरे वाटत नाही, ते पहिल्यांदा विचारावे.

फेरीच्या दिवशी धाकटी नव्या फ्लेक्सखाली उभी राहिली, थोरलीचा हात घट्ट धरून. "बघा," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "मी जिवंत आहे आणि ही माझी जाऊ आहे."

हार काढायला छपाईवाल्याला एक क्षण लागला होता. थोरलीच्या अंगणाला वळसा घालून जाणारी माणसे मात्र पुढे बरेच महिने वळसा घालूनच जात राहिली.