देठ जागेवर होते

ती सकाळ डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि आठवली की आजही डोकं तापतं. सेवेत खून पाहिले, दरोडे पाहिले; त्यांच्याबद्दल मी शांतपणे बोलू शकतो. हे प्रकरण मात्र फुलांचं, निवृत्तीनंतरचं, आणि तेही आयर्लंडमधलं. नाव कोणाचंच घेत नाही. ज्याला लागायचं त्याला लागेल.

पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि आम्ही दोघं मुलीकडे आलो. ती आणि जावई आधी डब्लिनच्या कडेला ॲडम्सटाउनला भाड्याने राहायचे. पुढे घर घेतलं ते डब्लिनपासून बऱ्यापैकी लांब, एका बाजाराच्या गावात. गावाच्या मधोमध चौक आहे, शनिवारी तिथे भाजी, अंडी, चीज आणि रोपं घेऊन लोक बसतात. चौकापासून चालत गेलं की आमची गल्ली. सारखी दिसणारी घरं, पुढे हिरवळ, आणि कुंपण म्हणून नाही. सगळ्यांची फुलं रस्त्यावरच म्हणा ना. मी पहिल्या दिवशी जावयाला म्हटलं, "इथे बंदोबस्त कसला आहे?" तो हसला. लोक भेटले की हवेबद्दल बोलायचे, 'ग्रँड', म्हणजे सगळं छान, म्हणायचे आणि आपल्या वाटेने जायचे. मला वाटलं, बरं आहे, कोणी कोणाच्या भानगडीत नाही. पण भानगडी होत्या, फक्त त्या फोनवर चालायच्या.

खबर मुलीने आणली. गल्लीच्या ग्रुपवर फुलं चोरीला जात असल्याची तक्रार होती. फिर्यादी म्हणजे कोपऱ्यावरच्या बाई. एकट्या राहतात. त्यांच्या नवऱ्याने आजारी पडण्याआधी घरापुढे गुलाब लावले होते, आणि बाई त्या गुलाबांना पोरांसारखं जपतात. रोज सकाळी फुलं गायब. मग आणखी दोन घरांनी तेच लिहिलं.

इथवर ठीक होतं. पुढे कोणीतरी विचारलं, "तो गवत कापणारा येतो ना?" आणि संपलं. कोणी काही पाहिलं नव्हतं, पण सगळ्यांना खात्री होती.

हा गवत कापणारा दर आठवड्याला यंत्र घेऊन यायचा, अर्ध्या गल्लीची हिरवळ तोच राखायचा. तो ट्रॅव्हलर समाजातला. हे लोक मूळचे आयर्लंडचेच. पूर्वी गाड्यांतून गावोगाव फिरायचे, आता बरेच जण गावाबाहेर वस्ती करून राहतात. गावात काही हरवलं की बोट आधी तिकडे जातं. मला हे नवीन नव्हतं. आपल्याकडेही चोरी झाली की पहिली जीप भटक्यांच्या पालांकडे जायची. फिर्याद लिहून व्हायच्या आधी माणसं उचलून आणलेली असायची. त्यावरून मी वरिष्ठांशी भांडलोय, बदल्या भोगल्यात. आणि हेच बघायला इतक्या लांब आलो होतो.

दोन दिवसांत त्याला सांगण्यात आलं, "येऊ नकोस." कोपऱ्यावरच्या बाईंनीच सांगितलं, मग बाकीच्यांनीही. त्याचं नाव गार्डांना, म्हणजे इथल्या पोलिसांना, कळवायचं का याची चर्चा सुरू झाली.

"बाबा, तुम्ही यात पडू नका हं," मुलगी म्हणाली. "इथे तुमचं ठाणं नाही."

"घटनास्थळ तर बघू दे," मी म्हटलं.

बाईंकडे गेलो. आधी चहा घ्यावा लागला. इथे चहा न घेता कोणी काही बोलत नाही. मग मी झाडांपाशी वाकलो. तीन झाडं बघितली आणि कपाळावर हात मारून घेतला.

फुलदाणीसाठी चोरणारा लांब देठासकट कापतो. विकणारा कळ्याही सोडत नाही. इथे देठ जागेवर होते. फूल तेवढं नखाने खुडलेलं. कळ्यांना धक्का नाही. खाली गळून पडलेली फुलं चांगली टवटवीत होती, पण त्यांना हात लावलेला नव्हता, कारण पडलेलं फूल देवाला चालत नाही. आणि प्रत्येक झाडावर एक फूल ठेवलेलं. माझी आई असंच करायची. झाड रिकामं करायचं नाही म्हणायची.

पंचनामा तिथेच झाला. चोर आमच्यातला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला म्हणून निघालो. उन्हाळ्यात इथे फार लवकर उजाडतं आणि गल्ली उशिरापर्यंत झोपलेली असते. कोपऱ्यावर आमच्या समोरच्या घरातल्या नागपूरच्या आजी उभ्या. मुलगा मोठ्या कंपनीत इंजिनिअर, सुनेच्या बाळंतपणासाठी आलेल्या. साडी, वर मुलाचं जाकीट, हातात आइस्क्रीमचा रिकामा डबा. लपणं नाही, दचकणं नाही. मला बघून प्रसन्न हसल्या.

"लवकर उठता जी तुमी," म्हणाल्या. "माह्या पोराले सांगा जरा. नवापर्यंत लोळून राह्यते."

"आजी, ही फुलं कोणाला विचारून घेता?"

"देवाच्या फुलाले कोन नाही म्हनते? आमच्या कॉलनीत तं सारेच घेते. रस्त्यावर आलेलं फूल सगळ्याइचंच अस्ते नं."

हा त्यांचा जबाब. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या गवत कापणाऱ्या माणसाचं कळलं तशा त्या तिथेच फुटपाथच्या कडेला बसल्या. डबा मांडीवर, त्यातली फुलं तशीच.

"मले कोनीच नाही सांगितलं," एवढंच म्हणाल्या.

कोणीच का नाही सांगितलं? त्यांच्या घरात गुलाबाचं एक झाड नाही, आणि देव्हारा रोज गुलाबांनी भरतो. पोराला डोळे नव्हते का? संध्याकाळी मी त्याला चहाला बोलावलं. चौकशीची माझी एक पद्धत आहे. एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. समोरचा आपणच बोलायला लागतो. शांतता फार थोड्यांना सोसते.

"आईंच्या पूजेला फुलं कुठून येतात?" विचारलं, आणि चहा पीत बसलो.

तो फोन बघायला लागला. मग म्हणाला, "काका, आय नो. मी तिला सांगणारच होतो. पण बघा ना, आता ती तशीही पुढच्या महिन्यात परत जातेय. विषय संपेल. उगाच आपण इंडियन्स म्हणजे असं काहीतरी इम्प्रेशन कशाला?"

"आणि तो माणूस?"

"त्याला दुसरीकडे मिळेल ना काम. अॅक्चुअली त्यांची रेप्युटेशन ऑलरेडी तशीच आहे."

मी मुलीचा फोन मागून घेतला आणि ग्रुप उघडला. त्या माणसाचं येणं बंद करा असं एकाने लिहिलं होतं, आणि त्याखाली ह्याचा संदेश होता. सहमत आहे, लहान मुलं असलेल्या घरांनी तर जपायलाच हवं, असा. म्हणजे नुसता गप्प बसला नव्हता. आई डबा भरून आणत होती, हा तिची फुलं देवाला वाहिलेली बघत होता आणि दुसऱ्याच्या नावावर शिक्का मारत होता. ठाण्यात असतो तर काय केलं असतं ते लिहीत नाही. शिकलेला, चांगला पगार, घरात देव, आणि नीतिमत्तेच्या नावाने ठणठणाट.

"उद्या सकाळी तू बाईंकडे जाऊन सांगायचंस," मी म्हटलं. तो काही बोलायच्या आत दारातून आजींचा आवाज आला. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नव्हतं.

"तो कायले जाईन? फुलं मी तोडली."

दुसऱ्या दिवशी आजी गेल्या. मी दुभाष्या. बाईंना समजायला जरा वेळ लागला. देव, पूजा, खुडलेलं फूल, झाडावर ठेवलेलं एक फूल. शेवटी त्यांनी आजींचा हात धरला आणि म्हणाल्या, "मला विचारलं असतंत तर मीच दिली असती." मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. "आणि मी त्या माणसाला काय बोलले."

मग मुलीने गाडी काढली. गावाबाहेर, गोदामांच्या मागे त्या गवत कापणाऱ्याची वस्ती. तो यंत्राचं पातं साफ करत होता. बाईंनी माफी मागितली. आजींनी हात जोडले. त्याने टोपी काढली आणि आजींना म्हणाला, "यू आर ग्रँड, मिसेस." म्हणजे, असू द्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"मग येशील ना परत?" मी विचारलं.

त्याने नकारार्थी मान हलवली. "आज फुलं होती साहेब. उद्या कोणाची सायकल जाईल, परवा कोणाचं पार्सल. मी त्या गल्लीत असलो तर आधी कोणाकडे बघाल?"

आयुष्यभर लोकांना उलटसुलट प्रश्न विचारत आलो. या वेळी प्रश्न त्याने विचारला होता. आम्ही परत आलो.

बाईंनी ग्रुपवर सगळं खरं लिहिलं. आरोप झाला तेव्हा संदेशांचा पाऊस पडला होता, आता दोन-चार अंगठे आले आणि लगेच कोणीतरी कचऱ्याच्या गाडीबद्दल विचारलं. इंजिनिअर साहेबांनी काहीच लिहिलं नाही.

निर्दोष सुटला, असं मी कितीतरी प्रकरणांत लिहिलंय आणि कागद बंद केलेत. सुटलेला माणूस पुढे कुठल्या रस्त्याने घरी जातो हे बघायची आमची पद्धत नव्हती. या प्रकरणात ते बघावं लागलं.

आजी जाईपर्यंत कोपऱ्यावरच्या बाई रोज सकाळी एका वाडग्यात फुलं घालून त्यांच्या दारात ठेवायच्या. देठ न ठेवता, खुडून, आजींनी शिकवल्यासारखी. जिने फुलं तोडली तिला ती घरपोच मिळायला लागली. ज्याने एकही तोडलं नव्हतं, तो पुन्हा आमच्या गल्लीत आला नाही.