आत बघितलंस?

मंगळवारी सकाळी काका गेले. सव्वासातला त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी डबा भरत होते. "बाबा आज उठलेच नाहीत," ती म्हणाली. मी डब्याचं झाकण लावलं आणि भांडुपला त्यांच्या घरी गेले.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमचा नेमबाजीचा क्लब आहे. वापरलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या तिथे पुन्हा भरल्या जातात. बुडाला ठिणगी देणारी नवी टोपी, आत मोजून बंदुकीची दारू, वर शिशाची गोळी. परवाना क्लबचा, दारूच्या कपाटाची किल्ली काकांकडे. एलबीएस रोडवरच्या एका कारखान्यातल्या टूलरूममध्ये त्यांनी उमेदीची वर्षं घालवली आणि निवृत्तीनंतर हा छंद धरला. कोणी नवखा विचारायचा, "काका, किती वर्षं भरताय?" काका वर्षं सांगत नसत. दोन्ही पंजे त्याच्यासमोर पसरत आणि म्हणत, "दहा बोटां आसत. मोज."

भरायच्या खोलीच्या दाराशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा असे. आत जाणाऱ्याने त्यात फोन टाकायचा. टेबलावर दारूचा एकच डबा. गप्पा बंद. पन्नास पुंगळ्यांच्या ट्रेमध्ये दारू पडली की काका चष्मा पुसायचे, छोटी बॅटरी घ्यायचे आणि एकेका पुंगळीत वाकून पाहायचे, विहिरीत पडलेला पोहरा शोधावा तसे. मग आमच्याकडे वळून, "आत बघितलंस?"

बघितलं म्हटलं की, "परत बघ."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. वाचलेलं पाठ होणं हा माझा जुना रोग. पहिल्या दिवशी काकांनी दारूच्या वजनांच्या तक्त्याचं पुस्तक उघडलं. मी आदल्या आठवड्यात ते घरी नेऊन वाचलं होतं. पान न पाहताच आकडा सांगितला आणि शाबासकीची वाट पाहत उभी राहिले. काकांनी पुस्तक मिटलं.

"पाठ आसा तुका?"

"हो."

"मगे आज काम नाय. घरी जा. विसारलंस की ये."

पुढच्या रविवारी मी पानावर बोट ठेवून वाचलं. काकांनी तोच आकडा किती वेळा वाचला असेल कोण जाणे, पण माझ्यानंतर त्यांनीही बोट ठेवून वाचला.

बोरिवलीचे एक सभासद फोन करून विचारत, "काका, नुसता आकडा सांगून टाका ना." काकांचं उत्तर ठरलेलं. "आकडो फोनवरून अर्धोच पोचता. टेबलावर ये. पुस्तक घेऊन ये." हे गृहस्थ चिडून आम्हाला म्हणायचे, "म्हाताऱ्याचा आकडा म्हणजे जसा काय बँकेचा पासवर्ड!" आणि रविवारी पुस्तक घेऊन यायचे. काका ज्ञान दडवून ठेवतात, असं काही जण म्हणत. तुम्हीही तसं म्हणणारे पाहिले असतील. मला तर इतकं सांगणारा माणूस दुसरा भेटला नाही. फक्त ते समोर बसवून सांगत.

दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी मी रिव्हॉल्व्हरचा सराव करत होते. पाच गोळ्या भराभर झाडायच्या होत्या. तिसऱ्या वेळी बार झाला नाही, नुसतं फुस झालं. सवयीने माझं बोट चाप पुन्हा दाबू लागलं.

"थांब!"

काकांचा चढा आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता. बोट थांबलं.

"नळी पुढेच ठेव. बोट बाहेर काढ. आता हलू नको."

थोडा वेळ जाऊ देऊन त्यांनी रिव्हॉल्व्हर रिकामं केलं आणि नळीत काठी घातली. काठी अर्ध्यावर अडली. गोळी आतच बसली होती. पुढची तिच्यावर आदळली असती तर नळी माझ्या हातात, माझ्या तोंडासमोर फुटली असती.

"माझीच चूक, काका," मी म्हणाले. "भरताना लक्ष गेलं असणार." मला खरंच तसं वाटत होतं. ते गप्प राहिले असते तर आजही वाटत राहिलं असतं.

काकांनी काडतुसांचा खोका फिरवून त्यावरची चिठ्ठी दाखवली. भरल्याची तारीख आणि त्यांची सही.

"तुझी नाय गो बाय. माझी."

त्या दुपारी त्यांनी खोक्यातलं उरलेलं प्रत्येक काडतूस सोडवलं. मी शेजारी बसून होते. मग कागद घेऊन त्यांनी लिहिलं, 'माझ्या हातून एका काडतुसात दारू भरायची राहिली. त्या दिवशी फोन डब्यात टाकला नव्हता. तो वाजला म्हणून मधेच उठलो. परत आल्यावर ट्रे पहिल्यापासून तपासला नाही.' खाली पूर्ण नाव. कागद क्लबच्या फळ्यावर लागला.

क्लबचे सेक्रेटरी धावत आले. "काढा हो तो कागद. नवीन लोकांसमोर तुमची काय इज्जत राहील?"

"नाय ऱ्हवली तर नाय ऱ्हवली," काका म्हणाले. "दडवलेली चूक दुसऱ्याच्या हातात फुटता."

पुढच्या रविवारी त्यांनी बॅटरी माझ्या हातात दिली. "डोळे आता पयल्यासारखे नाय. माझ्यानंतर तू बघ."

"मी तुमची चूक काढू?"

"गावली तर काढ. नाय गावली तर परत बघ."

पुढे एकदा मला त्यांच्या ट्रेमध्ये एक रिकामी पुंगळी सापडली. सांगावं कसं, म्हणून मी घुटमळले. काका मात्र इतके खूश झाले की त्यांनी आपल्या डब्यातलं घावन अर्धं मोडून मला दिलं आणि बोरिवलीकरांना हाक मारली, "बघा! हिका गावली! झकास!"

गेल्या रविवारी सेक्रेटरींनी कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली. मी फोन पत्र्याच्या डब्यात टाकला. पानावर बोट ठेवून आकडा वाचला. ट्रे भरून झाल्यावर एकेका पुंगळीत पाहिलं आणि बॅटरी बोरिवलीच्या त्या गृहस्थांकडे दिली. ते वाकले, बराच वेळ पाहत राहिले.

"बघितलं," ते म्हणाले.

"परत बघा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि पहिल्या पुंगळीपासून सुरुवात केली.

काकांचा कागद फळ्यावर आहे. माझे दोन्ही डोळे आहेत. हातांना दहा बोटं आहेत.