सात हिवाळ्यांचा आराखडा

उत्तराताई कर्णिक वर्तकनगरला राहायच्या आणि ठाण्यातल्याच एका सरकारी प्रयोगशाळेत कापडावर काम करायच्या. १९८६ साली त्यांचा धाकटा भाऊ मधु सरहद्दीवरच्या बर्फातल्या चौकीतून परत आला, तेव्हा त्याच्या उजव्या हाताला दोनच बोटं उरली होती. हिमदंश. चहाचा कप तो दोन्ही तळव्यांत धरायचा.

"हातमोजे परदेशातून येतात, ताई. त्या वर्षी खेप अडकली," एवढंच तो म्हणाला.

उत्तराताईंनी इथल्याच कापडाचे हातमोजे करायचं ठरवलं. आराखडा सात वर्षांचा होता. दर हिवाळ्यात नमुने बर्फातल्या चौक्यांवर पाठवायचे, जवानांनी ते वापरायचे, फाटलेले परत मागवून सुधारायचे. मंजुरी आली. आंबिवलीचे गुणाजी म्हात्रे प्रयोगशाळेतल्या मागावर ते कापड विणायचे. मधु प्रत्येक नमुना आधी स्वतः घालून बघायचा. "अंगठ्याची शिवण टोचते गं. आणि यात बंदुकीचा चाप ओढता येणार नाही."

तीन हिवाळे गेले. चौथ्या वर्षी नवे साहेब आले.

"बाई, मला या वर्षीचं सांगा. तयार माल बाहेरून दोन महिन्यांत मिळतो. तुम्हाला आणखी चार वर्षं कशाला हवीत?"

"ज्या वर्षी तो मिळणार नाही, त्या वर्षासाठी, साहेब."

साहेब हसले. फाईल बंद झाली, साचे भंगारात गेले, गुणाजी निवृत्त झाले. ताईंना पडद्यांच्या कापडावर बसवलं. मधुला हे सांगायला त्यांनी आठ दिवस लावले. तो "बरं" म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

१९९९च्या जूनमध्ये, कारगिलची लढाई पेटलेली असताना, ताईंच्या टेबलावरचा फोन वाजला. लष्कराच्या खरेदी कार्यालयातून होता; बाहेरचा माल अडकला होता. "तुमच्या त्या हातमोज्यांचे महिनाभरात किती जोड निघतील?"

ताई तशाच उठून आंबिवलीला गेल्या. दार गुणाजींच्या बायकोने, शांताबाईंनी उघडलं. "ते गेले ओ बाई, दोन वर्षं झाली. तुमच्या कापडाचा ताणा, ते उभे धागे, मागावर कसे लावायचे ते पोरांना शिकवतो म्हणायचे. कोण शिकायला आलाच नाही."

दुसऱ्या दिवशी ताईंनी त्या कार्यालयाला फोन केला. "आज सुरुवात केली, तर सात वर्षं लागतील."

"सात वर्षं कोण थांबणार, बाई?" पलीकडून फोन ठेवला गेला.

संध्याकाळी घरी रेडिओवर शहीद जवानांची नावं सांगत होते. मधु ऐकत बसला होता.

"काय विचारलं त्यांनी?"

"किती जोड, म्हणून."

त्याने उरलेल्या दोन बोटांनी रेडिओ बंद केला. ताई चपला न काढताच दारात खाली बसल्या.