कठड्यावरची वाटी

परराज्यात, खातीपुऱ्यात राहायला आलो त्याच दिवशी शेजारीणबाईंनी माझं आडनाव विचारलं आणि ऐकून नुसतं "अच्छा जी" म्हटलं. नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदल्यांपायी मी गावोगावचे असे "अच्छा" ऐकले आहेत, त्यामुळे कान लगेच टवकारले. माझी लेक मात्र शाळेतून आली की त्यांच्याकडेच पडीक असे.

बुद्धपौर्णिमेला संध्याकाळची वंदना आटोपली आणि लेकीच्याच हाती मी त्यांना वाटीभर खीर धाडली. बुद्धांपुढे ठेवण्याआधी आमच्याकडे खीर कुणी चाखत नाही, आणि आम्ही खाणार होतो जेवताना. मग वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले, तर शेजारच्या कठड्यावर माझी वाटी. वर ताटली झाकलेली. घराबाहेर, उघड्यावर!

विहारातले भन्तेजी शिकवतात, आधी डोळ्याला वस्तू भेटते, तो स्पर्श. मग बरं किंवा वाईट वाटतं, ती वेदना. मग आपण तिला ओळखतो, ती संज्ञा. मग विचार, आणि मग पपंच, म्हणजे मन तिखटमीठ लावत सुटतं. हे मला तोंडपाठ आहे. तरी कपड्यांच्या घड्या होईपर्यंत माझ्या मनात बाईंनी माझी खीर गायीला घातलीसुद्धा होती.

खाली येऊन लेकीला म्हटलं, "उद्यापासून त्यांच्याकडे जायचं नाही."

"पण मम्मी, मतलब... मी काय केलं?" तिचे डोळे भरून आले. मला वाईट वाटलं, पण राग मोठा होता. पातेल्यावर झाकण आपटलं.

अर्ध्या तासाने बेल वाजली. दारात शेजारीणबाई, हातात घासलेली वाटी.

"पूनम का व्रत था, बहनजी. चाँद देखे बिना कुछ नहीं खाती. आपकी खीर छत पर ही ले गई थी, उसी से व्रत खोला."

मी वाटी घेतली. खाल्ली की टाकली, कोण जाणे. गोड बोलायला काय जातं?

जाता जाता त्या थबकल्या. "बुरा मत मानना, चीनी डालना भूल गईं क्या?"

मी आत जाऊन चमचाभर खीर जिभेवर ठेवली. साखरेचा कण नव्हता.

साखरेचा डबा काठोकाठ भरलेला होता. तरी ती वाटी लेकीच्या हातात देऊन म्हटलं, "जा, त्यांच्याकडून थोडी साखर घेऊन ये."