अर्जंटवाल्यांना गेलेलं उत्तर

लालबागच्या त्या कारखान्यात ढाली, चषक आणि सन्मानचिन्हं बनत, आणि तिथली सगळी पत्रं एकतीस वर्षं कौसल्या सावंत लिहीत आल्या होत्या. आधी टाइपरायटरवर, मग मेलवर. यंत्र बदललं, गिऱ्हाईक तेच राहिलं. समारंभ जानेवारीत असला तरी मेल ऑगस्टमध्ये यायचा, आणि विषयात ठळक ‘अर्जंट’.

एका सोमवारी मालक शंतनु घाबराघुबरा होऊन त्यांच्या टेबलाशी आला. “काकू, आपला मेल हॅक झालाय. आपल्या नावाने कुणीतरी गिऱ्हाइकांना उत्तरं पाठवतंय.”

त्याने फोन पुढे केला. ‘आपले अर्जंट पत्र मिळाले. ज्यांनी अर्जंट लिहिलेले नाही, त्यांचे काम आधी हाती घेण्यात येईल. कळावे.’

कौसल्याबाईंनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. “भाषा सभ्य आहे रे,” त्या म्हणाल्या.

भाषा त्यांचीच होती. शुक्रवारी दिवसातलं बारावं अर्जंट आलं, तेव्हा त्यांनी हा मजकूर लिहिला, विषयात तो शब्द असलेल्या प्रत्येक मेलला तो आपोआप जावा असा नियम लावला आणि हलक्या मनाने अँटॉप हिलला घरी गेल्या. शनिवारी काढणार होत्या. राहून गेलं, असं त्या आता स्वतःला सांगत होत्या.

शंतनुने पासवर्ड बदलला. दहा मिनिटांनी आणखी एक उत्तर गेलं. मग त्याने इतका लांब पासवर्ड ठेवला की त्याचा त्यालाच दोनदा चुकला. तरी उत्तर गेलंच. शेवटी त्याने सगळे कॉम्प्युटर बंद करायला लावले, आणि सगळे काळ्या पडद्यांसमोर बसलेले असताना परळच्या एका गिऱ्हाइकाचा तक्रारीचा फोन आला: तेच उत्तर त्यांना आत्ता मिळालं होतं.

तेव्हा डिलाईल रोडवरून प्रफुल्लला बोलावलं. कारखान्याचे कॉम्प्युटर तोच बघायचा.

“बाहेरचं कुणी आत शिरलेलंच नाही,” तो म्हणाला. “लॉगिन सगळी इथलीच आहेत. आत एखादा नियम लावलेला असेल, तर पासवर्ड कितीही बदला, तो चालूच राहतो.”

त्याने सेटिंग उघडलं आणि थांबला. बिलं वेगळ्या फोल्डरमध्ये जावीत म्हणून असा नियम कसा लावायचा, हे गेल्या महिन्यात त्यानेच कौसल्याबाईंना शिकवलं होतं.

“सापडलं?” शंतनुने विचारलं.

“सापडलं. चुकून लागलेला दिसतोय.”

“आणि मजकूर? तोही चुकून?”

प्रफुल्लने घसा खाकरला. “हॅकरच्या मानाने शुद्धलेखन फारच चांगलं आहे.”

शंतनुने सावकाश मान वळवली. कारखान्यात ऱ्हस्व-दीर्घ एकाच माणसाला येत होतं.

“मीच लावला,” कौसल्याबाई म्हणाल्या. “प्रफुल्लचा दोष नाही. शिकवतो मात्र छान.”

शंतनु बराच वेळ बोलला. त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं, कारण त्याचं बरोबरच होतं. शिक्षा म्हणून तेवीस गिऱ्हाइकांना माफीचे मेल लिहायचे होते. त्यांनी ते जेवणाआधी संपवले, प्रत्येकाला निराळा.

दुपारी दादरच्या एका मुख्याध्यापिकेचं उत्तर आलं. ‘आमचा कार्यक्रम फेब्रुवारीत आहे. अर्जंट सवयीने लिहिलं गेलं. आमच्या ढाली शेवटी केल्यात तरी चालेल.’

शंतनुने ते वाचलं, कारागिरांकडे गेला आणि दादरच्या शाळेचं काम उद्या सकाळी पहिलं घ्या म्हणाला.